वीस वाक्ये, पंधरा ‘होते’: एका प्रसंगलेखनाची दुरुस्ती

नववीच्या वर्गाला प्रसंगलेखनासाठी ‘बसस्थानकावरील एक तास’ हा विषय दिला, की बऱ्याच वह्या पुढच्या उताऱ्यासारख्या येतात. हा उतारा कोणा एका विद्यार्थ्याचा नाही. अशा वह्यांत हमखास आढळणाऱ्या सवयी एकत्र आणून तो अभ्यासासाठी तयार केला आहे. संदर्भ देणे सोपे जावे म्हणून वाक्यांना क्रमांक दिले आहेत.

(१) मी काल बसस्थानकावर गेलो होतो. (२) माझ्यासोबत माझी आजी होती. (३) आम्हाला मामाच्या गावाला जायचे होते. (४) बसस्थानकावर खूप गर्दी होती. (५) फलाटावर लोक उभे होते. (६) काही लोक बाकावर बसले होते. (७) एक म्हातारे आजोबा पेपर वाचत होते. (८) एक बाई रडणाऱ्या बाळाला थोपटत होती. (९) चहावाला मोठ्याने ओरडत होता. (१०) आमची बस साडेदहाची होती. (११) बस अजून आली नव्हती. (१२) आजीला काळजी वाटत होती. (१३) मी चौकशीच्या खिडकीवर गेलो होतो. (१४) तिथे कोणीच नव्हते. (१५) मग एक बस आली. (१६) सगळे लोक धावले. (१७) लोकांनी खिडकीतून रुमाल टाकले. (१८) ती बस आमची नव्हती. (१९) आजी बाकावर बसली. (२०) आमची बस साडेअकराला आली.

इथे लाल पेनाला जवळजवळ काहीच काम नाही. शुद्धलेखन ठीक आहे, लिंग-वचन ठीक आहे, प्रत्येक वाक्य आपापल्या जागी पूर्ण आहे. फार तर ‘म्हातारे आजोबा’मधला ‘म्हातारे’ काढता येईल. शिवाय लिहिणाऱ्याने पाहिलेही नेमके आहे: खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे लोक आणि चौकशीच्या खिडकीमागे नसलेला माणूस. तरीही वाचताना दर चार शब्दांनी ठेच लागते. वहीत खाली ‘ओघ नाही’ किंवा ‘वाक्यरचना सुधारा’ असा शेरा पडतो. तो खरा असला तरी मुलाच्या उपयोगाचा नाही, कारण त्याचे एकही वाक्य चुकलेले नाही. नेमके काय बदलायचे हे त्याला कसे कळावे?

आधी मोजून पाहावे

ओघ ही कानाला जाणवणारी गोष्ट असली, तरी तिचा अभाव मोजता येतो. या उताऱ्यात २० वाक्यांत ८५ शब्द आहेत, म्हणजे सरासरी सव्वाचार. सर्वांत लहान वाक्य ३ शब्दांचे, सर्वांत मोठे ६ शब्दांचे, आणि तब्बल ११ वाक्ये बरोबर ४ शब्दांची. विसाच्या वीस वाक्ये केवल वाक्ये आहेत. संयुक्त किंवा मिश्र एकही नाही.

आता प्रत्येक वाक्याचा पहिला शब्द पाहा. मी, माझ्यासोबत, आम्हाला, बसस्थानकावर, फलाटावर, काही, एक... वीस वाक्यांना १७ वेगवेगळ्या सुरुवाती आहेत. ‘मी’, ‘एक’ आणि ‘आमची’ हे तीनच शब्द दोनदा आले आहेत. इंग्रजी लेखनाच्या मार्गदर्शनात ‘वाक्यांच्या सुरुवाती बदला’ हा सल्ला पहिल्या ओळीत असतो, आणि मराठी वर्गातही तो तसाच उचलला जातो. त्या कसोटीवर हा उतारा चांगल्या गुणांनी पास होतो! मग ठेच कुठे लागते?

शेवटचा शब्द पाहा. होतो, होती, होते, होती, होते, होते, होते, होती, होता, होती, नव्हती, होती, होतो, नव्हते. पहिली चौदा वाक्ये सलग याच ठोक्यावर संपतात, आणि अठरावे धरून १५. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. वाचणाऱ्याचा आवाज तिथे खाली उतरतो आणि थांबतो, त्यामुळे वाक्याचा ताल शेवटच्या एक-दोन शब्दांवर ठरतो. ‘काल’ हा शब्द ‘मी’च्या आधी नेला तरी कानाला फरक पडत नाही, कारण वाक्य पुन्हा ‘होतो’वरच आदळते. मराठी लेखनात वाक्यरचनेचे वैविध्य शोधायचे ते वाक्याच्या शेपटीत.

‘होते’ तीन प्रकारचे

पंधरा ‘होते’ सारखे दिसतात, पण सारखे नाहीत. त्यांचे तीन गट पडतात आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे.

पहिला गट पूर्ण भूतकाळाचा: १, ६, ११ आणि १३. ‘गेलो होतो’ हे रूप खरे तर एखाद्या घटनेच्या आधीची घटना सांगण्यासाठी आहे. मुले बोलताना ‘काल मी गेलो होतो’ असे सहज म्हणतात आणि तेच वहीत उतरते. पण पहिल्या आणि तेराव्या वाक्यात कथा पुढे सरकते आहे. तिथे ‘गेलो’ पुरते, नव्हे तेच योग्य आहे. तेराव्या वाक्यातले ‘गेलो होतो’ तर वाचकाला क्षणभर मागे ढकलते: हा आधीच जाऊन आला होता की आता गेला? अकराव्यातले ‘आली नव्हती’ मात्र राहू द्यावे. बस न आल्याची स्थिती तिथे सांगायचीच आहे.

दुसरा गट अपूर्ण भूतकाळाचा: ७, ८, ९ आणि १२. वाचत होते, थोपटत होती, ओरडत होता, वाटत होती. वातावरण उभे करायला हा काळ हवाच, पण चार पूर्णविराम नकोत.

तिसरा गट नुसत्या असण्याचा: २, ३, ४, ५, १०, १४ आणि १८. इथे ‘होते’ फक्त दोन गोष्टी जोडतो. मराठी असे क्रियापद सहज गाळते. ‘केवढी गर्दी!’, ‘अंगणात पाणीच पाणी’, ‘हातात पिशवी, डोक्यावर पदर’ ही वाक्ये कोणालाही अपुरी वाटत नाहीत. दुसरी सोय म्हणजे असे वाक्य विशेषण करून शेजारच्या वाक्यात बसवणे. ‘आमची बस साडेदहाची होती’ याचे ‘साडेदहाची आमची बस’ झाले, की एक अख्खे वाक्य एका शब्दात मावते. गंमत म्हणजे ही युक्ती मुलाला येते. आठव्या वाक्यात त्याने ‘बाळ रडत होते’ असे वेगळे वाक्य न करता ‘रडणाऱ्या बाळाला’ लिहिले आहे. दुरुस्तीची सुरुवात तिथे बोट ठेवून करावी. जे त्याने एकदा नकळत केले, तेच आता जाणून करायचे आहे.

पहिले दोन प्रयत्न आणि ते का फसतात

‘वाक्ये जोडून लिही’ एवढेच सांगितले, तर पहिला मसुदा असा येतो: ‘मी काल बसस्थानकावर गेलो होतो आणि माझ्यासोबत माझी आजी होती आणि आम्हाला मामाच्या गावाला जायचे होते.’ पूर्णविरामाच्या जागी ‘आणि’ आला, बाकी सगळे जिथल्या तिथे. ‘आणि’ दोन गोष्टी शेजारी बसवतो, त्यांचे नाते सांगत नाही. मामाच्या गावाला जायचे होते हे बसस्थानकावर जाण्याचे कारण आहे. ‘आणि’ ते कारण झाकून टाकतो.

‘आणि नको’ म्हटले, की दुसरा मसुदा: ‘आजीला घेऊन बसस्थानकावर जाऊन गर्दी पाहून बाकावर बसून बसची वाट पाहून मी चौकशीच्या खिडकीवर गेलो.’ ‘-ऊन’ हे फार कामाचे रूप आहे, पण पाच क्रिया एका दोरीला बांधल्या, की सगळ्या सारख्याच बिनमहत्त्वाच्या होतात आणि वाचक मुख्य क्रियापदाची वाट पाहत राहतो. शिवाय ‘होते’चा ठोका जाऊन ‘ऊन-ऊन-ऊन’चा ठोका येतो. एका वाक्यात दोन ‘-ऊन’ पुरेत. तिसरा आला, की वाक्य तोडावे.

दोन्ही मसुद्यांत चूक एकच आहे: वाक्ये जोडण्याआधी त्यांच्यात काय नाते आहे हे विचारलेलेच नाही. वाक्यरचना बदलण्याचे काम तिथून सुरू होते.

गट पाडणे आणि नाते विचारणे

हे काम एका तासिकेत होते. वहीच्या उजव्या पानावर मूळ उतारा असावा, डावे पान कोरे. मुलाने उतारा एकदा मोठ्याने वाचावा आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या शब्दाखाली रेघ मारावी. पाच मिनिटांत ‘होते’ची रांग त्याची त्यालाच दिसते, वेगळे सांगावे लागत नाही. मग कोणती वाक्ये एकाच गोष्टीबद्दल बोलतात त्यांभोवती कंस घालावेत. इथे पाच गट पडतात: १ ते ३ (का गेलो), ४ ते ९ (काय दिसले), १० ते १४ (बस का नाही), १५ ते १८ (भलतीच बस), १९ आणि २० (शेवट). प्रत्येक गटाला एक प्रश्न विचारायचा: यात मुख्य गोष्ट कोणती? ती मुख्य क्रियापदात राहील, बाकीच्यांनी तिच्याभोवती जागा शोधायची. एकच अट, नवी माहिती घालायची नाही. ही अट मोडली, की मुले रचना सोडून ‘निळेशार आकाश’ आणि ‘मंद वारा’ आणतात, आणि मूळ प्रश्न तसाच राहतो.

पहिल्या गटात मुख्य गोष्ट जाणे. आजी सोबत होती याचे ‘आजीला घेऊन’ होते, जायचे कारण ‘म्हणून’ने जोडले जाते: ‘मामाच्या गावाला जायचे होते, म्हणून काल मी आजीला घेऊन बसस्थानकावर गेलो.’ कारण मागे ठेवूनही लिहिता येईल: ‘...बसस्थानकावर गेलो, कारण मामाच्या गावाला जायचे होते.’ दोन्ही बरोबर आहेत, पण दुसऱ्यात वाक्य पुन्हा ‘होते’वर संपते. अशी तुलना मुलाकडूनच करून घ्यावी आणि दोन्ही वाक्ये मोठ्याने म्हणायला लावावीत.

दुसऱ्या गटात नाते कारणाचे नाही, सगळे एकाच वेळी घडते आहे. इथे ‘म्हणून’ किंवा ‘त्यामुळे’ घुसवणे चूक ठरेल. क्रियापद गाळायची जागा हीच: ‘केवढी ती गर्दी!’ मग ‘काही लोक बाकावर बसलेले, बाकीचे फलाटावर उभे.’ यानंतर एक लांब वाक्य येऊ द्यावे, त्यात आजोबा आणि बाई आपापल्या ‘होते-होती’सह राहिले तरी चालतात, कारण आता ते वाक्याच्या पोटात आहेत, शेवटी नाहीत. चहावाल्याचे ‘मोठ्याने ओरडत होता’ हे तीन शब्द ‘आरोळी’ या एका नामात मावतात आणि वाक्य नामावर संपते.

तिसरा गट या उताऱ्यातला सर्वांत महत्त्वाचा. ‘बस साडेदहाची होती. बस अजून आली नव्हती. आजीला काळजी वाटत होती.’ या तीन वाक्यांत कारण आणि परिणाम दोन्ही आहेत, पण वाचकाला ते स्वतः जुळवावे लागतात. ‘साडेदहाची आमची बस अजून आली नव्हती, त्यामुळे आजीला काळजी वाटू लागली.’ इथे ‘वाटत होती’चे ‘वाटू लागली’ झाले हेही लक्षात आणून द्यावे: काळजी आता उशिरामुळे सुरू होते. पुढच्या दोन वाक्यांसाठी मराठीत एक तयार साचा आहे, ‘पाहतो तर’. ‘चौकशीच्या खिडकीवर जाऊन पाहतो तर तिथे कोणीच नाही.’ भूतकाळाच्या निवेदनात हा वर्तमानकाळ चालतो, अपेक्षाभंग सांगायला तर तोच नेमका. मात्र एका लेखात एकदाच.

चौथ्या गटात दुरुस्ती करताना एक खरी अडचण येते, आणि ती फक्त याच उताऱ्यापुरती नाही. ‘सगळे लोक धावले’ आणि ‘लोकांनी रुमाल टाकले’ जोडताना मुले लिहितात: ‘सगळे धावत जाऊन रुमाल टाकले.’ हे चूक आहे. ‘टाकणे’ सकर्मक आहे आणि भूतकाळात त्याच्या कर्त्याला ‘ने/नी’ लागतो. दोन क्रिया एका वाक्यात आल्या, की कर्त्याला कोणता प्रत्यय हवा हे शेवटचे, मुख्य क्रियापद ठरवते. म्हणून ‘सगळ्यांनी धावत जाऊन रुमाल टाकले.’ उलटीही चूक होते: ‘दादाने तिकीट काढून बसमध्ये बसला.’ इथे मुख्य क्रियापद ‘बसला’, ते अकर्मक, म्हणून ‘दादा तिकीट काढून बसमध्ये बसला.’ लहान वाक्ये लिहिणारे मूल ही चूक करत नाही, कारण त्याला तशी संधीच येत नाही. वाक्ये मोठी होऊ लागली, की या चुका वाढतात. ते प्रगतीचे लक्षण समजावे. गुण कापून त्याला पुन्हा चार शब्दांच्या वाक्यांकडे ढकलू नये.

दुसरी अडचण ‘-ऊन’च्या कर्त्याची. ‘घंटा वाजून आम्ही धावलो’ कानाला खटकते, कारण वाजली घंटा आणि धावलो आम्ही. कर्ते वेगळे असले, की ‘वाजताच’ किंवा ‘वाजल्यावर’ घ्यावे. (‘तो येऊन दोन तास झाले’ किंवा ‘पाऊस पडून चिखल झाला’ अशी वाक्ये मराठीत रुळलेली आहेत, काळ लोटणे किंवा आपोआप घडलेला परिणाम सांगताना नियम सैल होतो.) ‘-ताना’ला मात्र कर्ता वेगळा चालतो. ‘शाळेतून येताना पाऊस लागला’ यात काहीच चूक नाही, दोन्ही क्रियांचा कर्ता एकच हवा हा इंग्रजीतला नियम इथे लावू नये. फक्त अर्थ दुहेरी होतो का ते पाहावे: ‘बाबांना फोन करताना दादा दिसला’, यात फोन कोण करत होते?

तिसरा धोका ‘जो-तो’चा. मिश्र वाक्य लिहा म्हटले, की ‘माझी आजी, जी साठ वर्षांची आहे, ती बाकावर बसली’ असले वाक्य येते. व्याकरणाने ते चालेल, पण त्याची घडण इंग्रजी आहे. मराठी इथे ‘साठ वर्षांची माझी आजी’ म्हणते. ‘जो-तो’ जोडीने, आधी ‘जो’ आणि मग ‘तो’ अशी आली, की शोभते: ‘जी बस आली, ती आमची नव्हती.’

पाचव्या गटात ‘आजी बाकावर बसली’ हे वाक्य तसेच ठेवायचे. आधीच्या धावपळीनंतर तीन शब्दांचे वाक्य आले, की वाचक थांबतो, आणि आजीचे दमणे न सांगता कळते. मूळ उताऱ्यात हेच वाक्य हरवले होते, कारण त्याच्या आजूबाजूला सगळीच तेवढी होती. शेवटच्या वाक्यात क्रियापद आधी आणून वेळ मागे नेली, की उशीर ठसतो: ‘आमची बस आली ती साडेअकराला.’

तयार झालेला उतारा

मामाच्या गावाला जायचे होते, म्हणून काल मी आजीला घेऊन बसस्थानकावर गेलो. केवढी ती गर्दी! काही लोक बाकावर बसलेले, बाकीचे फलाटावर उभे. एक आजोबा पेपर वाचत होते, एक बाई रडणाऱ्या बाळाला थोपटत होती आणि मध्येच चहावाल्याची आरोळी. साडेदहाची आमची बस अजून आली नव्हती, त्यामुळे आजीला काळजी वाटू लागली. चौकशीच्या खिडकीवर जाऊन पाहतो तर तिथे कोणीच नाही. तेवढ्यात एक बस आली. ती दिसताच सगळ्यांनी धावत जाऊन खिडक्यांतून रुमाल टाकले. पण ती बस आमची नव्हती. आजी बाकावर बसली. आमची बस आली ती साडेअकराला.

वाक्ये ११, शब्द ८०. मूळ उताऱ्यापेक्षा पाच शब्द कमीच. सर्वांत लहान वाक्य ३ शब्दांचे, सर्वांत मोठे १५ शब्दांचे. ‘होता’च्या कुटुंबातले शेवट पंधरावरून एकावर आले, आणि चार वाक्ये क्रियापदाशिवाय संपतात: गर्दी, उभे, आरोळी, साडेअकराला. माहिती तीच आहे. ‘ती बस आमची नव्हती’ हे मुलाचे वाक्य तर जवळजवळ जसेच्या तसे आहे, त्याला फक्त ‘पण’ मिळाला.

व्याकरणाचा तास आणि निबंधाचा तास

मराठी व्याकरणात वाक्यसंश्लेषण हा जुना घटक आहे: दोन-तीन केवल वाक्ये दिली, की त्यांचे एक वाक्य करायचे. म्हणजे साधन वर्गात आधीपासून आहे. पण व्याकरणाच्या तासाला त्याचे एकच ‘बरोबर’ उत्तर असते आणि निबंधाच्या तासाला त्याची आठवण कोणी काढत नाही. इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलांवर या पद्धतीचा अभ्यास झाला आहे. अमेरिकेत फ्रँक ओहेअर यांनी १९७३ मध्ये सातवीच्या मुलांकडून व्याकरणाच्या परिभाषेशिवाय वाक्यजोडणीचा सराव करून घेतल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि त्या मुलांचे लेखन सुधारलेले आढळले. २००७ मध्ये स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या लेखनाविषयीच्या अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. त्यात वाक्यजोडणीच्या परिणामाचे माप ०.५० इतके आले, तर सुटे व्याकरण शिकवण्याचे उणे ०.३२ (या मापात शून्य म्हणजे इतर मुलांच्या तुलनेत काहीच फरक नाही, उणे म्हणजे लेखन त्यांच्या मागे पडले). हे आकडे इंग्रजी लिहिणाऱ्या मुलांचे आहेत आणि मराठीचा ताल वेगळा, हे ध्यानात ठेवून त्यांतले घेण्यासारखे घ्यावे: एक उत्तर न मागता दोन-तीन उत्तरे मागणे आणि ती मोठ्याने वाचून निवडणे.

सरावासाठी रोज तीन-चार वाक्यांचा एक गट फळ्यावर पुरतो. ‘पाऊस आला. छत्री घरी होती. आम्ही दुकानाच्या आडोशाला उभे राहिलो.’ प्रत्येकाने याची दोन वेगळी वाक्ये करायची, त्यांपैकी एक ‘होती’वर न संपणारे. दहा मिनिटांचे काम. गट देताना त्यांत नाते असेल याची काळजी घ्यावी. जिथे कारण, विरोध किंवा काळ काहीच नाही, तिथे मुले पुन्हा ‘आणि’कडेच वळतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

वही तपासताना शेऱ्याऐवजी पेन्सिलीने वाक्यांचे शेवटचे शब्द अधोरेखित करून वही परत द्यावी. सलग तीन शेवट सारखे आले असतील, तिथे समासात एक उभी रेघ. पुढच्या लेखनात त्या रेघा किती उरल्या, ते मुलाने स्वतः मोजून पानाच्या खाली लिहावे.